ॲल्युमिनिअमच्या रकान्यात ‘बदल नाही’ : दहावीच्या एका प्रात्यक्षिकाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण नाशिक जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातल्या एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेतलं आहे. शाळा, गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. मुलांच्या प्रयोगवह्या, विज्ञानाच्या मॅडमची टिपणं आणि त्यांच्याशी झालेलं बोलणं यांवरून हे लिहिलंय. मी दुसऱ्या शाळेत हाच विषय शिकवतो, त्यामुळे अधूनमधून माझं मत डोकावेल.

पार्श्वभूमी

दहावीच्या विज्ञानाला 40-40 गुणांचे दोन पेपर आणि 20 गुण प्रात्यक्षिकाचे. रसायनाच्या भागात विस्थापन अभिक्रिया येते (एक धातू दुसऱ्याला त्याच्या क्षारातून बाहेर काढतो ती) आणि पुढे धातुविज्ञानात अभिक्रियाशीलता श्रेणी, म्हणजे जास्त ते कमी अभिक्रियाशील असा धातूंचा क्रम. दोन्हींना जोडणारा प्रयोग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. जस्त, लोखंड, तांबं आणि ॲल्युमिनिअम हे चार धातू घ्यायचे, त्यांच्याच क्षारांची चार द्रावणं घ्यायची, प्रत्येक धातू प्रत्येक द्रावणात टाकायचा आणि कोण कोणाला हुसकावतो ते पाहायचं. तक्त्यात सोळा खाने होतात. धातू आपल्याच क्षारात टाकून उपयोग नाही, म्हणून चार गळाले, उरले बारा. श्रेणीप्रमाणे यातल्या सहा खान्यांत बदल व्हायला हवा आणि सहांत नाही. ॲल्युमिनिअम सगळ्यांत वरचा, त्याने तिघांनाही बाहेर काढायचं. जस्ताने लोखंडाला आणि तांब्याला. लोखंडाने फक्त तांब्याला.

या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, दोन ओटे आणि मोजक्या परीक्षानळ्या. मॅडमनी वर्गाचे नऊ गट केले होते. जस्ताचे खडे शाळेतले, खिळे गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले, तांब्याची तार वायरमनकडच्या उरलेल्या केबलमधून सोललेली आणि ॲल्युमिनिअम म्हणून पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचे तुकडे. कॉपर सल्फेट संपलं होतं. पण महिना ऑगस्टचा, गावात बोर्डोच्या, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाच्या फवारण्या चालू. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटच, आणि कृषी केंद्रात तो गोणीने मिळतो. तिथूनच पाव किलो आणला आणि 100 मिलिलिटर पाण्याला 5 ग्रॅम या प्रमाणात द्रावण केलं. निळंशार, नितळ. त्यात खोट काही नव्हती, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवावं लागेल.

मुलांच्या हातात छापील प्रयोगवही होती. या वह्यांमध्ये कृती छापलेली असते आणि निरीक्षणाच्या जागी अर्धं वाक्य तयार असतं: ‘द्रावणाचा निळा रंग ......... होतो व धातूवर ......... रंगाचा थर जमा होतो.’ मुलाने गाळलेल्या जागा भरायच्या. म्हणजे काहीतरी होणार हे वहीने आधीच सांगून टाकलेलं. काय होणार एवढंच मुलाने लिहायचं. माझ्या मते या प्रकरणाची निम्मी मुळं त्या ठिपक्यांत आहेत.

काय घडलं

प्रात्यक्षिकाला एकच तास होता. जस्ताच्या खड्याने कॉपर सल्फेटमध्ये लगेच रंग दाखवला. काळपट-तपकिरी, मऊ, स्पंजासारखा थर चढला, नळी हाताला किंचित कोमट लागली, निळा रंग उतरू लागला. खिळाही तांबूस झाला. जस्त फेरस सल्फेटमध्ये टाकल्यावर करडी झाक आली, पण ती ओळखायला डोळे ताणावे लागले. तांब्याच्या तारेने कुठेच काही केलं नाही, आणि करायचंही नव्हतं.

तासानंतर वह्या जमा झाल्या. मॅडम घरी तपासायला बसल्या. आठ गटांच्या वह्यांत ॲल्युमिनिअम आणि कॉपर सल्फेट या खान्यात थोड्याफार फरकाने एकच मजकूर होता: निळा रंग फिकट झाला, फॉइलवर तांबूस थर आला. नवव्या गटाने वहीतलं छापील वाक्य पेनाने खोडून वर लिहिलं होतं, ‘बदल नाही’. झिंक सल्फेटच्या खान्यात ‘बदल नाही’. फेरस सल्फेटच्या खान्यातही तेच. खाली अनुमान: जस्त, लोखंड, तांबं, ॲल्युमिनिअम, असा उतरता क्रम.

पुस्तकात सगळ्यांत वर असलेला धातू यांनी सगळ्यांत खाली नेऊन ठेवला होता.

मॅडमनी लाल पेन उघडला आणि पुन्हा बंद केला, असं त्यांच्या टिपणात आहे. कारण तासाला फिरताना त्यांनीही त्या नळ्या पाहिल्या होत्या, आणि एकाही नळीतलं फॉइल तांबूस झालेलं त्यांना आठवत नव्हतं.

पेच

उत्तरसूचीप्रमाणे नववा गट चूक आणि आठ गट बरोबर. परीक्षानळीप्रमाणे नववा गट बरोबर, आणि आठ गटांनी न दिसलेलं लिहिलेलं. या आठांना लबाड म्हणणं सोपं आहे, पण ते तितकं खरं नाही. त्यांनी श्रेणी पाठ केली होती, वहीत वाक्य तयार होतं, शेजारच्या नळीत जस्ताने तसंच काहीतरी करून दाखवलं होतं. ‘आमचं जरा हळू होत असेल’ असं समजून त्यांनी जागा भरल्या. एका मुलाने नंतर मॅडमना सांगितलं, “मॅडम, घंटा झाली म्हणून दिसलं नाही, नाहीतर दिसलंच असतं.”

नवव्या गटाचं अनुमानही बारकाईने पाहायला हवं. त्यांनी पुस्तकाशी वाद घातला नव्हता. निरीक्षणातून जे निघतं ते लिहिलं होतं. जो कोणालाच हुसकावत नाही तो तळाला. एक दुवा निसटला होता: तांब्यानेही कोणाला हुसकावलं नव्हतं, आणि ॲल्युमिनिअमला कोणीच हुसकावलं नव्हतं. पण तर्काची दिशा चूक नाही. मोठी चूक आहे ती एका न बोललेल्या गृहीतकात: अभिक्रिया होऊ शकत असेल, तर ती तासाभरात डोळ्यांना दिसेलच.

श्रेणी नेमकं इथेच काही सांगत नाही. आकड्यांत बघायचं तर प्रमाण विद्युतविभव पाहायचा; तो जितका उणे, तितका धातू इलेक्ट्रॉन सोडायला तयार. ॲल्युमिनिअमचा उणे 1.66 व्होल्ट, जस्ताचा उणे 0.76, लोखंडाचा उणे 0.44 आणि तांब्याचा अधिक 0.34. ॲल्युमिनिअम आणि तांबं यांच्यातलं अंतर बरोबर 2 व्होल्ट, म्हणजे त्या तक्त्यातलं सगळ्यांत मोठं. अंतर मोठं म्हणजे अभिक्रियेचा ओढा मोठा. पण ओढा असणं वेगळं आणि धातू द्रावणाला भिडणं वेगळं. ॲल्युमिनिअम हवेत उघडं पडलं की क्षणात त्यावर ॲल्युमिनिअम ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. जाडी काही नॅनोमीटर, पण घट्ट आणि सलग. फॉइलचा तुकडा कॉपर सल्फेटमध्ये पडतो तेव्हा निळ्या द्रावणाची गाठ धातूशी पडतच नाही, ऑक्साइडशी पडते.

कोणते मार्ग समोर होते

मॅडमनी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये विषय काढला. वरिष्ठ विज्ञान शिक्षकांचं मत स्पष्ट होतं: नवव्या गटाला बोलवा, ऑक्साइडचा थर समजावून सांगा, वहीत दुरुस्ती करून घ्या, पुढे चला. “बाहेरून कोणी वह्या बघायला आलं आणि ॲल्युमिनिअमपुढे ‘बदल नाही’ दिसलं, तर उत्तर कोण देणार?” हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अभ्यासक्रम मागे पडला होता, गणपतीच्या सुट्ट्या तोंडावर होत्या, आणि बोर्डाच्या पेपरात ‘ॲल्युमिनिअम तांब्याला विस्थापित करतं का’ याचं उत्तर ‘हो’ असंच लिहायचं असतं.

दुसरा मार्ग म्हणजे ॲल्युमिनिअम प्रयोगातून काढूनच टाकायचं. बऱ्याच शाळा हे गुपचूप करतात: जस्त आणि लोखंड दाखवतात, ॲल्युमिनिअमच्या ओळी फळ्यावरून उतरवून घेतात. वेळ वाचतो, डोकेदुखी टळते. मला हा मार्ग सगळ्यांत वाईट वाटतो, कारण त्या तक्त्यात शिकण्यासारखं सगळ्यांत जास्त याच ओळीत आहे.

तिसरा मार्ग होता स्वतः मिठाचा प्रयोग करून दाखवायचा. फॉइल टाकलेल्या कॉपर सल्फेटमध्ये चिमूटभर मीठ टाकलं की अभिक्रिया धडाक्यात सुरू होते. क्लोराइड आयन तो पापुद्रा जागोजागी फोडतात. मॅडमना हे माहीत होतं. दहा मिनिटांचं काम, मुलं टाळ्या वाजवतात, प्रकरण मिटतं. पण मग मुलांच्या वहीतल्या त्या आठ वाक्यांचं काय, हा प्रश्न तसाच राहतो.

चौथा मार्ग त्यांनी घेतला. तो वेळखाऊ होता आणि त्यात त्यांचे दोन तास गेले.

काय केलं

पहिला निर्णय साधा होता, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. वह्या न तपासता परत दिल्या. कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, काही सांगितलं नाही. आदल्या दिवशीच्या नळ्या स्टँडवर तशाच होत्या. शिपाईमामांना त्या न धुण्याबद्दल मॅडमनी आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं. मुलांना सांगितलं, आपापल्या नळीपुढे उभे राहा आणि आपण काय लिहिलंय ते वाचा.

फॉइल चमकत होतं. कापलेल्या कडेला एखाददुसरा काळसर ठिपका, बाकी जसंच्या तसं. द्रावण निळंच. वर्गात जरा वेळ कुजबुज चालली आणि मग एकाने विचारलं, “मॅडम, मोरचूद डुप्लिकेट आहे का?”

इथून पुढे मॅडमनी उत्तर न देता प्रत्येक शंकेला चाचणी लावली. मोरचूद खराब असेल तर खिळाही तांबूस व्हायला नको. त्याच द्रावणात नवा खिळा पॉलिश पेपरने घासून टाकला. मिनिटभरात लाल झाला. द्रावण निर्दोष सुटलं. फॉइलला प्लास्टिकचा थर असेल? मग भंगारातला ॲल्युमिनिअमच्या तारेचा तुकडा टाकून बघू. तोही तसाच. घासून टाकलं तर? तार पॉलिश पेपरने चकचकीत केली आणि टाकली. फार फरक नाही. इथे मुलं अडली, आणि अडणं रास्तच होतं, कारण घासलेल्या जागी पापुद्रा पुन्हा धरायला वेळच लागत नाही.

मग मॅडमनी विचारलं की घरी ॲल्युमिनिअमच्या भांड्यात काय ठेवत नाहीत. उत्तरं पटापट आली: लोणचं, चिंचेचं सार, ताक. लोणच्याने भांड्याला भोकं पडतात, असं एक मुलगी म्हणाली. लोणच्यात काय असतं? तेल, मोहरी, आंबट, मीठ. आंबट की मीठ यावर दोन तट पडले. लिंबू मधल्या सुट्टीत आणायचं ठरलं. मीठ खिचडीच्या खोलीतून लगेच मिळालं.

मीठ टाकण्याआधी नवव्या गटातल्याच एका मुलीने जो मुद्दा काढला, तो मला या सगळ्या प्रकरणात सरस वाटतो. ती म्हणाली, मीठ टाकल्यावर काही झालं तर ते मिठाने केलं की ॲल्युमिनिअमने, हे कसं कळणार? म्हणून तीन नळ्या लावल्या. एकीत कॉपर सल्फेट, मीठ आणि फॉइल. दुसरीत कॉपर सल्फेट आणि मीठ, फॉइल नाही. तिसरीत मिठाचं पाणी आणि फॉइल, मोरचूद नाही.

दुसरी आणि तिसरी नळी शांत राहिली. पहिलीत आधी फॉइलच्या कडेला बारीक बुडबुडे आले, मग घडीच्या रेषांवर, मग सगळीकडे. विटकरी रंगाचा भुसभुशीत कीस फॉइलवरून सुटून तळाशी साचायला लागला. नळी धरणाऱ्या मुलाने ती स्टँडवर ठेवली, कारण हाताला चटका बसत होता. थोड्या वेळात निळा रंग जाऊन पाणी धुरकट राखाडी झालं आणि फॉइलच्या जागी चाळण उरली.

बुडबुड्यांनी नवा प्रश्न उभा केला. फळ्यावरचं समीकरण होतं 2Al + 3CuSO₄ → Al₂(SO₄)₃ + 3Cu, आणि त्यात वायू कुठेच नाही. मॅडमनी ते लपवलं नाही. कॉपर सल्फेटचं द्रावण मुळात किंचित आम्लधर्मी असतं. पापुद्रा फुटल्यावर उघडं पडलेलं ॲल्युमिनिअम तांब्याला बाहेर काढतं आणि सोबत पाण्यातून हायड्रोजनही सोडतं. दोन अभिक्रिया एकाच नळीत चालू होत्या आणि पुस्तकात त्यातली एक आहे. खोलीत ज्योत नको, खिडक्या उघड्या हव्यात, ही काळजी त्यांनी आधीच घेतली होती.

नंतर फॉइल आणि मीठ झिंक सल्फेटमध्ये आणि फेरस सल्फेटमध्येही टाकून पाहिलं. तिथे डोळ्यांना पटेल असं काही दिसलं नाही. म्हणजे ॲल्युमिनिअम तांब्याच्या वर आहे हे या ओट्यावर सिद्ध झालं, पण ते जस्ताच्या वर आहे हे झालं नाही. मॅडमनी ते तसंच सांगितलं. इथे मी त्यांना दाद देतो. बहुतेक जण जिंकलेल्या प्रयोगानंतर थांबले असते.

विळ्याचा प्रश्न

दुसऱ्या तासाला ज्या मुलीने नियंत्रण नळ्यांचा, म्हणजे तुलनेसाठीच्या जादा नळ्यांचा मुद्दा काढला होता तिनेच आणखी एक गोष्ट विचारली. घरची द्राक्षबाग. तिचे आजोबा बोर्डो तयार झालं की ड्रममध्ये विळा बुडवून बघतात. विळ्यावर लाली आली की म्हणतात, चुना कमी पडला, अजून घाला. “मॅडम, इथे खिळा लाल झाला तर प्रयोग जमला म्हणता, आणि आबा म्हणतात बिघडलं. मोरचूद तर दोन्हीकडं आहे.”

बोर्डो मिश्रण हे नाव फ्रान्सच्या बोर्डो भागावरून आलं. तिथल्या द्राक्षबागांत केवडा रोगावर मोरचूद-चुन्याचं मिश्रण चालतं, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1885 मध्ये मांडलं. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. मोरचूद एका प्लास्टिकच्या ड्रममध्ये विरघळवायचा, चुना दुसऱ्यात विरवायचा, मग दोन्ही एकत्र करायचे. ढवळायला लाकडी काठी. लोखंडी बादली वापरायची नाही, हे इथल्या प्रत्येक बागायतदाराला माहीत असतं. लोखंडी बादलीत मोरचूद ओतला की बादली विरघळते आणि तांबं बादलीला चिकटतं. वेलाला द्यायचं औषध भांड्यावरच संपतं. बागेतल्या भाषेत ही विस्थापन अभिक्रियाच.

पुरेसा चुना पडल्यावर मात्र तांब्याचे आयन द्रावणात मोकळे राहत नाहीत. ते चुन्यातल्या हायड्रॉक्साइडशी बांधले जाऊन निळसर साका बनतात. विळ्यातल्या लोखंडाला हुसकावायला कोणी समोर उरतच नाही. विळा लाल झाला, तर मोकळं तांबं शिल्लक आहे. असं मिश्रण आम्लधर्मी असतं आणि कोवळी पानं करपवतं. म्हणजे आजोबांचा विळा आणि वर्गातला खिळा एकच गोष्ट मोजत होते. फक्त वर्गाला मोकळं तांबं हवं होतं आणि बागेला नको होतं.

इथे एक निर्णय जपून घ्यावा लागला. मुलीला शाळेत मिश्रण आणायला सांगायचं का? शेतीची रसायनं मुलांनी दप्तरातून आणणं बरोबर नाही. मॅडमनी मुलीच्या वडिलांना फोन केला आणि त्यांनाच यायची विनंती केली. ते मोटारसायकलवर दोन झाकणबंद बाटल्या घेऊन आले, एक कमी चुन्याची आणि एक पुऱ्या चुन्याची, आणि काय घातलंय ते स्वतः वर्गाला सांगितलं. दोन्हींत एकेक खिळा सोडला. कमी चुन्याच्या बाटलीतला खिळा तांबूस झाला आणि निळा लिटमस तिथे लाल झाला. दुसऱ्या बाटलीत दोन्हींवर काही परिणाम नाही. त्या बाटलीपुढे मुलांनी न सांगता ‘बदल नाही’ लिहिलं. मोरचूद आणि चुना यांच्यातली अभिक्रिया दुहेरी विस्थापनाची आहे, हे पुढच्या धड्याला आपोआप जोडलं गेलं.

एका मुलाने तेव्हाच सांगितलं की नाशिकच्या सराफ बाजारात त्याचे मामा चांदी शुद्ध करतात, तेही चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून त्यात तांब्याची पट्टी सोडतात आणि चांदी खाली बसते. शाळेत सिल्व्हर नायट्रेट परवडत नाही, त्यामुळे ही अभिक्रिया फळ्यावरच झाली.

गुण आणि वह्या

कोणतीही नोंद खोडायची नाही, असं ठरलं. जुन्या नोंदीखाली तारीख घालून नवी नोंद. तक्त्यात दोन रकाने पाडले: ‘श्रेणीप्रमाणे अपेक्षित’ आणि ‘प्रत्यक्ष पाहिलं’. दोन्ही जुळत नसतील तिथे तिसरी ओळ: का, आणि ते तपासलं कसं.

नवव्या गटाला निरीक्षणाचे पूर्ण गुण मिळाले, अनुमानाचेही मिळाले. आठ गटांचे निरीक्षणाचे गुण मॅडमनी कापले नाहीत. नव्या नोंदीवर दिले. यावर त्यांचं वरिष्ठ सरांशी पुन्हा वाजलं, पण या वेळी उलट्या बाजूने. सर म्हणाले, “एवढा प्रामाणिकपणा शिकवायचा होता, तर न पाहिलेलं लिहिणाऱ्यांचे गुण जायला हवे होते.” मॅडमचं म्हणणं, वहीने वाक्य तयार करून दिलं, एका तासात बारा नळ्या बघायला लावल्या, आणि वर मुलांना दंड करायचा?

टाकाऊ द्रावणाचं एक सांगायला हवं. मोरचूद माशांना आणि पाण्यातल्या जिवांना घातक आहे, त्यामुळे बेसिनमध्ये ओतायचा नाही. सगळ्या नळ्या एका प्लास्टिकच्या बादलीत रिकाम्या केल्या आणि गंजके खिळे घासून त्यात टाकले. काही दिवसांनी निळा रंग गेला, तळाशी तांब्याची भुकटी बसली. पाणी पिवळट झालं होतं. तिथेही प्रश्न निघाला: पुस्तकात तर फेरस सल्फेट फिकट हिरवं आहे. विरळ द्रावणात तो हिरवा रंग जेमतेम दिसतो, आणि हवेत राहिलं की फेरसचं फेरिक होऊन पिवळट-तपकिरी झाक येते. वरून चुना घालून उरलंसुरलं खाली बसवलं आणि मग पाणी टाकलं. घासणीने हेच काम होईल म्हणून कोणीतरी भांडी घासायची स्टीलची घासणी आणली होती. ती बादलीत तशीच चकचकीत राहिली, कारण ते स्टेनलेस स्टील.

काय हाती लागलं

सहामाहीत ॲल्युमिनिअमवर प्रश्न होता. बहुतेकांनी बरोबर लिहिलं आणि काहींनी न विचारता ऑक्साइडचा उल्लेखही केला. पण तीन-चार जणांनी ‘ॲल्युमिनिअम मीठ असेल तरच क्रियाशील असतं’ असं लिहून ठेवलं. म्हणजे पापुद्रा फुटणं आणि धातूची मूळ अभिक्रियाशीलता यांची त्यांनी गल्लत केली. चांगल्या प्रात्यक्षिकातूनही असा नवा घोळ निघतो. मॅडमनी त्यांना पुन्हा बसवून श्रेणी आणि पापुद्रा वेगळे करून दाखवले. अभ्यासक्रम दोन तासांनी मागे पडला, तो दिवाळीनंतर जादा तास घेऊन भरून काढला. एका पालकाने त्यावर कुरकुर केली.

वह्यांमध्ये मात्र फरक दिसतो. पुढच्या प्रात्यक्षिकांत ‘हळू’, ‘अंधुक’, ‘नक्की दिसलं नाही’ असे शब्द यायला लागले. पूर्वी हे शब्द वहीत नसायचे.

वेगळं काय करता आलं असतं

बारा नळ्या एका तासात हा हिशोबच चुकीचा होता. 10 मिलिलिटर द्रावणात साधारण 0.13 ग्रॅम तांबं असतं; ते सगळं बाहेर यायला खिळ्यातलं सुमारे 0.11 ग्रॅम लोखंड विरघळावं लागतं. अर्ध्या तासात ते होत नाही. त्यामुळे खिळ्यावर तांबं दिसतं, पण ‘निळा रंग जाऊन फिकट हिरवा झाला’ हे लिहिणाऱ्यांनीही तसं पाहिलेलं नव्हतं. या वाक्याकडे मॅडमचं लक्ष उशिरा गेलं. नळ्या आदल्या दिवशी लावून दुसऱ्या दिवशी वाचायच्या, हा बदल त्यांनी आता केला आहे.

खिळेही आधी तपासायला हवे होते. एका गटाच्या हाती पत्र्याचे, जस्त चढवलेले खिळे आले होते. त्यांचा खिळा लाल न होता काळा पडला, कारण आधी जस्ताचा थर अभिक्रिया करत होता. त्यांच्या वहीतही ‘तांबूस’च लिहिलेलं होतं आणि ॲल्युमिनिअमच्या गडबडीत हे कोणाच्या लक्षात आलं नाही. आलं असतं, तर मिठाइतकाच चांगला धडा तिथे मिळाला असता, तोही फुकट.

मला स्वतःला मिठाची घाई झाली असं वाटतं. लोणच्याचं उत्तर आल्यावर तास तिथेच थांबवून ‘आंबट की मीठ’ हा प्रश्न मुलांना घरी नेऊ द्यायला हवा होता. मधल्या सुट्टीत लिंबू आलंच नाही, आणि आंबटवाल्या तटाची चाचणी राहून गेली. मॅडमना हे पटत नाही. त्यांच्या मते आणखी एक दिवस लांबला असता तर वर्गाचा रस गेला असता.

छापील वही बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. त्या वर्षीपासून त्या मुलांना छापील निरीक्षणावर कोरा कागद चिकटवायला लावतात. आठ गटांचे गुण कापायला हवे होते की नाही, यावर आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या शिक्षण परिषदेत हे प्रकरण मांडलं तेव्हा जमलेले शिक्षक जवळजवळ निम्मे-निम्मे वाटले गेले. वरिष्ठ सर अजूनही कापण्याच्या बाजूचे आहेत.